मुका मार

मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं ते नुसते उच्चारले तरी अर्धी हकीकत समजून चुकते. 'मुका मार' हा त्यांपैकींच एक होय. ज्या मारानें कातडी फाटत नाहीं, रक्ताचा थेंब बाहेर येत नाहीं, जखमेप्रमाणें ज्याची ओरड चारचौघांस ऐकूं जात नाहीं, त्यास आपल्या पूर्वजांनीं मुका म्हटलें. विळीनें बोट कापलें तर सारें घर धांवून येतें. पण जिन्यावरून घसरून मांडी ठेचली तर "कांहीं नाहीं, मुका मार आहे," असें म्हणून पोराच्या अंगावरची धूळ झटकली जाते व त्यास पुन्हां खेळावयास पिटाळलें जातें. बहुतेक वेळां तें म्हणणें खरेंही असतें. परंतु जें दुखणें स्वतः बोलत नाहीं, तें ओळखण्यास पाहणाराची नजर अधिक तयार असावी लागते. ती कशी तयार करावी, घरीं काय करावें, आणि घरचें सारें बाजूस ठेवून डॉक्टरांकडे केव्हां धांवावें, एवढेंच आम्ही येथें सांगणार आहों. शाळेच्या पटांगणांत वर्षभर जीं कपाळें, कोपरें आणि नडग्या आमच्या दृष्टीस पडतात, त्यांवरून पाहतां हा विषय आमच्या बालवाचकांस परका नसावा.

प्रथम आंत काय घडतें तें पाहूं. कातडीच्या खालीं केंसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें असतें. आघात झाला म्हणजे कातडी लवचिक असल्यामुळें दबते आणि पुन्हां सावरते. पण तिच्याखालच्या या नाजूक नळ्या एका बाजूनें आघात व दुसऱ्या बाजूनें हाड अशा कैचींत सांपडून फुटतात. त्यांतून निघालेल्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते, म्हणून तें भोंवतालच्या मांसांत झिरपतें. यासच आपण रक्त साकळणें म्हणतों. नडगीवर थोडा मार बसला तरी लागलीच डाग उठतो, आणि पोटावर मोठा आघात होऊनही कातडी कधीं कधीं कोरी राहते, याचें कारण हेंच कीं नडगीच्या पाठीशीं हाड आहे, पोटाच्या पाठीशीं तसें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

मग रंगांचा खेळ सुरू होतो. पहिल्या दिवशीं डाग तांबूस असतो. एक-दोन दिवसांत तो निळा, जांभळा किंवा काळसर होतो. साधारणपणें पांचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्यावर हिरवी झांक येते, नंतर तो पिवळा पडतो, आणि सुमारें दोन आठवड्यांत नाहींसा होतो. पायांवरचे डाग जरा अधिक रेंगाळतात. हे रंग म्हणजे शरीराच्या सफाईकामाचे टप्पे आहेत. सांडलेल्या रक्तांतील तांबड्या पेशी शरीराच्या भक्षक पेशी गिळून टाकतात व त्यांतील हिमोग्लोबिनची मोडतोड करतात. त्यापासून प्रथम बिलिव्हर्डिन हें हिरवें द्रव्य व त्यापासून बिलिरुबिन हें पिवळें द्रव्य तयार होतें. काविळींत डोळे पिवळे करणारें द्रव्य तें हेंच. लोह मात्र वेगळें काढून सांठविलें जातें, आणि त्याची तपकिरी छटा कधीं कधीं बरेच दिवस मागें राहते. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्शो यानें १८४७ सालीं जुन्या रक्तस्रावाच्या जागीं सांपडणाऱ्या रंगद्रव्याच्या स्फटिकांचें वर्णन केलें. परंतु हा बदल घडवून आणणारें विकर टेन्ह्यूनेन, मार्व्हर आणि श्मिड या तिघांनीं दाखवून दिलें तें १९६८ सालीं. मध्यें १२१ वर्षें गेलीं. ज्या रसायनक्रियेस प्रयोगशाळेंत इतका काळ लागला, ती आमच्या विद्यार्थ्यांच्या गुडघ्यांवर प्रत्येक सत्रांत बिनबोभाट चालू असते!

परंतु रंगावरून मार नेमका किती दिवसांचा आहे हें सांगण्याचा मोह आवरावा. पिवळेपणा पहिल्या १८ तासांत दिसत नाहीं, एवढेंच काय तें भरंवशानें म्हणतां येतें. बाकी एकाच दिवशीं लागलेले दोन मार एकाच माणसाच्या अंगावर निरनिराळे रंग दाखवूं शकतात. शिवाय सांवळ्या कातडीवर तांबडा-पिवळा रंग नीटसा उमटत नाहीं. तेथें डोळ्यांपेक्षां बोटांचा उपयोग अधिक. दोन्ही अंगें शेजारी ठेवून हलक्या हातानें चांचपावीं. सूज, ऊब व दुखरेपणा यांतील फरक ताबडतोब कळतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस घाबरवून सोडते. कपाळावर टेंगूळ येतें आणि दोन-तीन दिवसांनीं डोळ्याखालीं काळें निळें पसरतें. येथें नवा मार लागलेला नसतो. साकळलेलें रक्त पाण्याप्रमाणें उतारास लागलेलें असतें. तसेंच मांडीचा डाग गुडघ्यापर्यंत व पोटरीचा घोट्यापर्यंत उतरतो.

आतां उपचार. पहिल्या दोन दिवसांचें औषध म्हणजे थंडावा. आघातानंतर फुटलेल्या नळ्यांतून रक्त झिरपत असतें. थंडीनें त्या आखडतात, झिरपणें कमी होतें आणि ठणकाही बधिर होतो. बर्फाचे खडे स्वच्छ फडक्यांत गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटें मारावर धरावे, मग काढून ठेवावे, आणि दोन-तीन तासांनीं पुन्हां धरावे. उघडा बर्फ कातडीवर घासूं नये. त्यानें कातडी पोळते. ज्या घरीं शीतकपाट नाहीं तेथें माठांतल्या पाण्यांत फडक्याची घडी भिजवून ती वरचेवर बदलावी. ज्या घरीं आहे तेथें गोठविलेल्या मटारांची पिशवी फडक्यांत गुंडाळल्यास ती गुडघ्यावर किंवा घोट्यावर बर्फाच्या खड्यांपेक्षां चांगली बसते, हें चाणाक्ष गृहिणींस सांगावयास नको. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत काळ्या पडलेल्या डोळ्यावर कच्च्या मांसाचा तुकडा ठेवतात असें आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलें असेल. त्यांत गुण असलाच तर तो मांसाच्या थंडपणाचा. कच्च्या मांसांतील जंतु डोळ्याजवळ नेण्यांत शहाणपण नाहीं.

हात किंवा पाय ठेचला असेल तर तो उशीवर, छातीच्या पातळीहून जरा उंच ठेवावा. ताणपट्टी बांधणें झाल्यास ती सैलसर असावी. पट्टीच्या पुढचीं बोटें गार, निळसर किंवा बधिर झालीं तर ती तत्काळ सोडावी. १९७८ सालीं अमेरिकेंतील डॉ. गेब मर्किन यांनीं आपल्या क्रीडावैद्यकाच्या पुस्तकांत विश्रांति, बर्फ, दाब व उंची असें चतुःसूत्र सांगितलें, आणि तें जगभरच्या खेळाडूंच्या तोंडीं बसलें. पुढें त्याच मर्किन यांनीं असें लिहिलें कीं बर्फ फार वेळ लावीत बसल्यानें भरून येण्याची क्रिया मंदावूं शकते. कारण सूज ही नुसती पीडा नसून शरीराच्या दुरुस्तीचेंही साधन आहे. स्वतःचें प्रसिद्ध झालेलें मत असें मोकळेपणानें सुधारणारे लोक विरळा! तेव्हां बर्फ लावावा तो दुखणें शमविण्यापुरता, थोडा थोडा, आणि आरंभीच्या दिवसांतच, असें आम्ही सुचवूं. विश्रांतीचेंही तसेंच आहे. एक-दोन दिवसांनंतर दुखणार नाहीं इतपत हालचाल सुरू करावी. अंथरुणांत पडून राहिल्यानें मुका मार लवकर बरा होत नाहीं, फक्त शाळा बुडते.

दोन दिवस लोटले, सूज वाढावयाची थांबली, म्हणजे शेकाची पाळी. कोमट पाण्यांत पिळलेली घडी, गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापविलेल्या मिठाची पुरचुंडी, यांपैकीं जें घरीं असेल तें चालेल; मात्र तें आधीं स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावें. उबेनें रक्ताभिसरण वाढतें आणि साकळलेलें रक्त शोषलें जाण्यास मदत होते. हाच शेक पहिल्या दिवशीं दिला तर झिरपणारें रक्त अधिकच झिरपतें. आपल्या घरांत होणारी सर्वांत सामान्य चूक ती हीच. पोर पडलें कीं कोणीतरी मायेनें चुलीवर पाणी ठेवतें.

येथें आजीबाईंच्या बटव्याकडे वळणें प्राप्त आहे. महाराष्ट्रांत मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावण्याची चाल फार जुनी. कोठें हळद-मीठ गरम करून लावतात, कोठें रक्त्याबोळाचा कढत लेप देतात, कोठें निर्गुंडीचा पाला वाफवून बांधतात. आम्ही या गोष्टींची थट्टा करणार नाहीं. हळदींत सूज कमी करणारीं द्रव्यें आहेत हें शास्त्रासही मान्य आहे, जरी तीं कातडीवरून आंत कितपत पोंचतात हा प्रश्न निराळा. आणि लेप वाळेपर्यंत तें पोर एका जागीं बसतें हाही एक उपचारच आहे. पण तीन पथ्यें पाळलींच पाहिजेत. कढत लेप पहिल्या दोन दिवसांत नको. कातडी खरचटली असेल तेथें लेप मुळींच नको. आणि ज्या मारासाठीं डॉक्टरांकडे जावें लागेल अशी शंका आहे, त्यावर लेप थापूं नये. हळदीचा पिवळा आणि बोळाचा काळा रंग खऱ्या डागास झांकून टाकतो, आणि डॉक्टरांस जें पाहावयाचें तेंच दिसेनासें होतें. हळदींत चुना कालवून लावणारेही आहेत. चुन्यानें कातडी भाजते, म्हणून तो प्रकार सोडून द्यावा हें बरें.

औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या मलमांविषयींही लोक विचारतात. हेपॅरिन असलेलें मलम डाग विरण्यास थोडें साह्य करतें, पण तें उघड्या जखमेवर लावावयाचें नसतें. अर्निकाचा लौकिक मोठा आहे. चांचण्यांत मात्र त्याचा गुण एकसारखा दिसून आलेला नाहीं. दोन्ही न लावतांही डाग जावयाचा तेव्हां जातोच. दुखणें फार असल्यास पॅरासिटामॉल द्यावें, व मुलांस तें त्यांच्या वजनाच्या मानानें द्यावें. ॲस्पिरिन देऊं नये. तें रक्ताची गोठण्याची शक्ति कमी करतें. आणि ताप येऊन गेलेल्या मुलांत त्याचा संबंध मेंदू व यकृत यांच्या एका दुर्मिळ पण भयंकर विकाराशीं जोडला गेला आहे. या विकाराचें वर्णन ऑस्ट्रेलियांतील डॉ. डग्लस राय यांनीं १९६३ सालीं केलें. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा प्रश्न कातडी फाटली असेल तरच उद्भवतो.

चोळण्याविषयीं आम्हांस जरा सविस्तर लिहिलें पाहिजे. कबड्डींत किंवा हॉकींत मांडीवर गुडघा किंवा काठी बसली कीं सोबती त्या खेळाडूस आडवा करून मांडी रगडूं लागतात, आणि घरीं आल्यावर तेल लावून तोच प्रकार पुन्हां होतो. मांडीच्या जाड स्नायूंत खोलवर रक्त साकळलेलें असतां तो रगडला गेला तर रक्तस्राव वाढतो. इतकेंच नव्हे तर कांहीं जणांत त्या रक्ताच्या गांठींत पुढील आठवड्यांत चक्क हाड तयार होऊं लागतें. मांसांत हाड! मग गुडघा पुरता वांकत नाहीं, आणि एका सामन्याच्या मारापायीं खेळाडूचे कित्येक महिने जातात. अशा मारावर गुडघा हलकेच वांकवून, मांडीवर थंड घडी ठेवून स्वस्थ बसावें, आणि पहिले कांहीं दिवस तेलाची वाटी फळीवरच राहूं द्यावी. हाडवैद्याकडे जाणें झाल्यास कामट्यांची घट्ट पट्टी कधींही बांधून घेऊं नये. आंत सूज वाढत असतां बाहेरून आवळलें म्हणजे रक्त अडतें, आणि अशा पट्ट्यांपायीं हात-पाय गमावलेलीं माणसें आपल्याच देशांत झालीं आहेत.

पट्टी नसतांही हा प्रकार घडूं शकतो. पोटरीचे किंवा हाताच्या पुढल्या भागाचे स्नायु मजबूत पडद्यांच्या कप्प्यांत बसविलेले असतात. त्या कप्प्यांत रक्त व सूज कोंडली कीं दाब इतका वाढतो कीं स्नायूंचें पोषण तुटतें. अशा वेळीं दुखणें माराच्या मानानें फार अधिक असतें, औषधानें थांबत नाहीं, पोटरी दगडासारखी ताठ व तुकतुकीत होते, पायांत मुंग्या येतात, आणि दुसऱ्यानें बोटें हलविलीं तरी मूल किंचाळतें. येथें सकाळची वाट पाहूं नये. कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली तर पाय वांचतो.

हाड मोडलें आहे कीं नुसता मार आहे, हें घरीं ठरविणें नेहमीं जमत नाहीं. घोट्यासाठीं कॅनडांतील ओटावा येथील डॉ. इयन स्टील व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं सोपे नियम घालून दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा दाबून दुखत असतील, किंवा त्या पायावर भार देऊन चार पावलेंही टाकतां येत नसतील, तर क्ष-किरणांचें छायाचित्र काढावें. लंगडत कां होईना, चार पावलें पडलीं आणि हाड दुखलें नाहीं, तर बहुधा हाड शाबूत असतें.

आतां डोक्याचा मार. सबंध लेखांतला एकच परिच्छेद वाचावयास पालकांस वेळ असेल तर त्यांनीं हा वाचावा. टेंगूळ मोठें आलें म्हणून धोका मोठा आणि लहान आलें म्हणून लहान, असा हिशेब नसतो. कानशिलाचें हाड पातळ असतें आणि त्याच्या आंतल्या अंगास एक रोहिणी वाहते. ती फुटली तर हाड आणि मेंदूवरचें आवरण यांच्या मध्यें रक्त सांचूं लागतें. पण तें सांचण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस बोलतो, चालतो, "मला कांहीं झालें नाहीं" म्हणतो. २० फेब्रुवारी १९९८ रोजीं भारताचे माजी कसोटीपटु रमण लांबा ढाक्याच्या मैदानावर फलंदाजाच्या अगदीं जवळ, शिरस्त्राण न घालतां, क्षेत्ररक्षणास उभे होते. चेंडू डोक्यावर आदळला. ते उठले आणि चालत तंबूंत परतले. नंतर प्रकृति झपाट्यानें ढासळली, शस्त्रक्रिया झाली, परंतु २३ फेब्रुवारीस त्यांचें निधन झालें. वय अवघें ३८. याउलट मार्च १९६२ मध्यें भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांस बार्बाडोस येथें चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यास लागला, तेव्हां शस्त्रक्रियेनें सांकळलेलें रक्त काढण्यांत आलें आणि ते वांचले. त्यांच्यासाठीं रक्त देणारांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. आमच्या शाळेंतील मुलें लांबांपेक्षां पुष्कळ मऊ चेंडूनें खेळतात हें खरें. पण झाडावरून, सायकलवरून आणि गच्चीवरून पडतात तीं सारख्याच कठीण जमिनीवर.

म्हणून डोक्यास मार लागल्यावर निदान एक दिवस-रात्र मूल कोणाच्या तरी नजरेखालीं असावें. क्षणभर तरी शुद्ध हरपली होती काय, वारंवार ओकारी होते काय, डोकेदुखी वाढत जाते काय, बोलणें असंबद्ध किंवा चाल लटपटती झाली आहे काय, हात-पाय आंचके देतात काय, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्याहून मोठी दिसते काय, कानांतून किंवा नाकांतून रक्त अथवा पाण्यासारखें कांहीं गळतें काय, हें पाहावें. यांपैकीं एकही गोष्ट दिसली तर घरीं थांबूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कानाच्या मागें किंवा दोन्ही डोळ्यांभोंवतीं, तेथें मार लागलेला नसतां, काळें निळें उमटलें तर कवटीच्या तळाचें हाड दुभंगलें असण्याचा संभव असतो. मघाशीं सांगितलेल्या एका बाजूच्या उतरलेल्या डागाशीं याची गल्लत करूं नये. मार लागल्यावर झोंपूं देऊं नये असा समज आहे. रात्र झाली, मूल दमलें आणि बाकी सर्व ठीक असेल तर त्यास झोंपूं द्यावें. मात्र दोन-दोन तासांनीं उठवून तें नेहमींसारखें जागें होतें ना, आईचें नांव नीट सांगतें ना, हें पाहावें.

डोळ्याविषयीं विटीदांडू खेळणारांस वेगळें सांगणें आहे. विटीचें टोंक डोळ्यावर बसलें आणि भोंवतीं सूज आली, तर ती सूज वाढून डोळा मिटण्यापूर्वींच उघडून पाहावें. अंधुक दिसणें, एकाचे दोन दिसणें, बुबुळाच्या पुढें रक्ताची रेघ सांचणें, यांपैकीं कांहीं असल्यास नेत्रवैद्याकडे त्याच दिवशीं जावें. डोळ्यास दाबून पट्टी बांधूं नये.

कानाची गोष्ट कोल्हापूरकडील वाचकांस नवी वाटणार नाहीं. तालमींतल्या पैलवानाचे जाड, गोळा झालेले कान हें मर्दुमकीचें चिन्ह मानलें जातें. तें वास्तविक उपचार न झालेल्या मुक्या माराचें चिन्ह आहे. कानाच्या कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आवरणांतून तिचें पोषण होतें. घर्षणानें त्या दोहोंच्या मध्यें रक्त साकळलें कीं कूर्चा उपाशी पडते आणि जागीं वेडीवांकडी भरून येते. पहिल्या दोन-चार दिवसांत डॉक्टरांनीं तें रक्त काढून वर दाब दिला तर कान पूर्ववत् राहतो. ज्यांस तो शाबूत हवा असेल त्यांनीं वेळ दवडूं नये. इतरांच्या हौसेस आमची हरकत नाहीं. दारांत सांपडून नखाखालीं काळें झालेलें बोटही असेंच. फार ठणकत असल्यास डॉक्टर नखास बारीक भोंक पाडून क्षणांत आराम देतात; तापलेल्या सुईनें तो प्रयोग घरीं करूं नये.

पोटाच्या बाबतींत मागें ध्यानांत ठेवण्यास सांगितलेली गोष्ट आठवावी. सायकलवरून पडतांना मुठीचें टोंक पोटांत घुसतें. बाहेर एक लहानसा वाटोळा वण दिसतो, कधीं तोही नाहीं, आणि आंत पानथरी, यकृत किंवा आंतडें फाटलेलें असूं शकतें. तासा-दोन तासांनीं पोट ताठ होणें, चेहरा पांढराफटक पडणें, घाम सुटणें, ओकारी, डाव्या खांद्यांत उगाच कळ येणें, ही आंतल्या रक्तस्रावाचीं चिन्हें आहेत. हिंवतापानें पानथरी वाढलेली असेल तर ती थोड्या आघातानेंही फाटते. कमरेच्या वरच्या बाजूस मार लागून लघवी तांबूस होऊं लागली तर मूत्रपिंड दुखावलें असें समजावें. या सर्व प्रसंगीं तोंडानें कांहीं खावयास-प्यावयास न देतां तडक रुग्णालय गांठावें.

माराविना डाग उठतात त्यांचा विचार निराळा. पडल्या-झडल्याचें आठवत नाहीं, आणि अंगावर ठिकठिकाणीं काळे निळे डाग किंवा टांचणीच्या डोक्याएवढे तांबडे ठिपके दिसतात. दांतांच्या हिरड्यांतून किंवा नाकांतून वरचेवर रक्त येतें. मूल निस्तेज झालें आहे. अशा वेळीं रक्ताची तपासणी केलीच पाहिजे. रक्तांतील बिंबिका कमी होणें हें त्याचें एक कारण. तें एखाद्या सामान्य तापानंतर घडतें, डेंग्यूंत घडतें, आणि क्वचित् रक्ताच्या कर्करोगांतही घडतें. कांचेचा पेला दाबून धरला तरी जे ठिपके फिके पडत नाहींत ते कातडीखालच्या रक्ताचे, आणि सोबत ताप असेल तर तासाचाही विलंब नको. कांहीं मुलग्यांत रक्त गोठण्याची शक्ति जन्मतःच उणी असते. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड यास हाच विकार होता. १८८४ सालीं फ्रान्समधील कॅन येथें एका साध्या पडण्यानें त्याचा अंत झाला. वृद्धांच्या हातांवर मात्र कातडी पातळ झाल्यामुळें नुसत्या धक्क्यानें डाग उठतात, आणि जे रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेतात त्यांच्या अंगावर तर अधिकच. अशा आजोबांच्या डोक्यास मार लागला तर एकही लक्षण नसतां डॉक्टरांस दाखवावें. औषध मात्र आपल्या मतानें बंद करूं नये. तान्ह्या मुलाच्या कमरेवर जन्मापासून दिसणारा निळसर पट्टा हा मार नव्हे. आपल्याकडील पुष्कळ मुलांस तो असतो व कांहीं वर्षांत आपोआप जातो.

शेवटीं एक नाजूक विषय. १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत तीन वर्षांखालील ९७३ मुलें तपासलीं गेलीं. चालूं लागलेल्यांपैकीं ५१.९ टक्क्यांच्या अंगावर माराचे डाग सांपडले, तर सहा महिन्यांच्या आंतील ३६६ बालकांपैकीं अवघ्या दोघांच्या. जें मूल धरूनही चालत नाहीं त्यास मुका मार लागण्याचें कारण नसतें; लागला असेल तर चौकशी करावी. मोठ्या मुलांतही पडण्या-धडपडण्याचे मार कपाळ, कोपर, गुडघे व नडग्या अशा हाडाळ जागीं असतात. कानाची पाळी, गाल, पाठ, दंडाची आंतली बाजू येथें डाग असले, किंवा डागांत बोटांची, पट्टीची अथवा पट्ट्याची आकृति दिसली, तर तें पडणें नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेंत शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मनाई आहे, हें आम्ही शिक्षकांनींही विसरूं नये. मग तो मार शिक्षकाचा असो, वरच्या वर्गांतील दांडगटाचा असो कीं घरचा असो, मुलास १०९८ या क्रमांकावर स्वतः मदत मागतां येते. ही सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली.

मुलें मार लपवितात हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. लांब बाह्यांचा सदरा, खेळाच्या तासास पोटदुखी, बांकावर टेकून न बसणें, हीं त्याचीं लक्षणें. लपविण्याचें कारण बहुधा एकच असतें: पडल्यावर घरीं पहिला शब्द शिव्यांचा येतो. "कोठें कडमडलास?" हा प्रश्न ज्या घरीं आधीं विचारला जातो, त्या घरीं सायकलच्या मुठीचा मार दुसऱ्या दिवशीं समजतो, आणि तोंवर कधीं कधीं फार उशीर झालेला असतो. आधीं "कोठें लागलें?" विचारावें, अंग पाहावें, थंड घडी ठेवावी, रागें भरावयाचें असेल तर त्यास पुढें सबंध आठवडा मोकळा आहे. आणि मुलांनो, तुमच्या बाजूनें एवढेंच करा कीं डोक्यास किंवा पोटास मार लागला असेल तर तो घरीं पोंचतांच सांगा. चेंडू कोणाच्या खिडकींत गेला तें मागाहून सांगितलें तरी चालेल.

डॉक्टरांकडे निघतांना घाईंत पुष्कळ गोष्टी विसरतात, म्हणून त्या एका कागदावर टिपून न्याव्या: किती वाजतां लागलें, किती उंचीवरून पडलें किंवा कशानें लागलें, शुद्ध गेली होती काय, ओकारी किती वेळां झाली, कोणतें औषध केव्हां दिलें, शेवटचें खाणें केव्हां झालें, आणि घरांत कोणास रक्त न थांबण्याचा विकार आहे काय. साधा मार असला आणि दोन आठवड्यांनींही डाग तसाच राहिला, गांठ कठीण होत गेली, किंवा ती जागा तांबडी व गरम होऊन ताप आला, तरीही असाच कागद घेऊन जावें. अंगावर लेप असेल तर तो निघण्यापूर्वीं कोमट पाण्यानें पुसून काढावा.